रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग बाळ जेवत का नाही?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टर ताईंची उत्तरं

गेल्या अंकात मुलांच्या जेवणाच्या हट्टाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यानंतर जी पत्रं आली ती नेहमीसारखी नव्हती. बरीचशी हॉस्पिटलमधून लिहिलेली, रात्री दोन-अडीचला, मूल कसंबसं झोपल्यावर, एका हाताने मोबाईलवर टाइप केलेली, पूर्णविराम नाहीत की काही नाही. मी २७ वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात काढलीयत, त्यामुळे ती वेळ मला चांगली माहितीय. सिस्टर लाईट बारीक करतात, शेजारच्या पलंगावरचं बाळ खोकत असतं आणि आई स्टुलावर बसून फोनमध्ये लक्षणं शोधत असते. म्हणून यावेळचा सगळा कॉलम याच आईबाबांसाठी. नावं-गावं कुठे गाळलीयत, कुठे बदललीयत.

प्रश्न : ताई, मी सांगलीकडची, सध्या पुण्यात एका हॉस्पिटलात मुलांच्या वॉर्डात आहे, आज अकरावा दिवस. मुलगा १९ महिन्यांचा. जन्मला तेव्हा २ किलो ९०० होता, वाढदिवसाला ९ किलो भरला आणि आता ८ किलो १००. वर्षाचा होईपर्यंत गुटगुटीत होता, मग जेवण कमी कमी होत गेलं, पोट फुगलेलं आणि हातपाय काड्या, शी भरपूर, पांढरट, वास मारणारी, चार दिवस बरा की परत उलट्या. चिडचिडा तर इतका झालाय की कुणाच्या कडेवर जात नाही. सोनोग्राफी नॉर्मल, लघवी नॉर्मल, शी नॉर्मल, फक्त हिमोग्लोबिन ७.८. गव्हाच्या ॲलर्जीची टेस्ट केली तीपण नॉर्मल आली (गहू तसाही आम्ही दोन महिन्यांपासून बंदच केलाय, जाऊबाईंनी व्हॉट्सॲपवर आलेलं दाखवलं म्हणून, शी जरा सुधारल्यासारखी वाटली पण वजन काही नाही). आता नाकातून नळी घातलीय. चमचा दिसला की तोंड फिरवतो आणि माझ्याकडे बघून रडतो. गुरुवारी दुर्बीण घालणार आहेत. सगळे रिपोर्ट नॉर्मल मग हा खात का नाही? माझंच काही चुकलं का?

उत्तर : अगं, तुला अगंच म्हणते, माझ्या भाचीच्या वयाची असशील. तुझा मेल आला त्याच रात्री मी उत्तर पाठवलं होतं कारण गुरुवार अंकाची वाट बघणार नव्हता, तेच इथे सगळ्यांसाठी जरा सविस्तर लिहिते.

तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू कंसात टाकलीयस. गहू दोन महिन्यांपासून बंद आहे. हे डॉक्टरांना सांगितलंस का? पत्र वाचून मला वाटतंय की राहून गेलं, आणि राहतंच, कारण ॲडमिट करताना पन्नास प्रश्न विचारतात, बाळ रडत असतं, आणि घरी काय बंद केलं हे आपल्याला औषधाइतकं महत्त्वाचं वाटत नाही. पण ही टेस्ट गहू पोटात जात असेल तरच खरं बोलते. सीलिॲक नावाचा आजार आहे, जगात साधारण शंभरात एकाला असतो, त्यात गव्हातल्या आणि जवातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच आतड्याला इजा करतं. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, अन्न तिथून शोषलं जातं, ते उंचवटे सपाट होत जातात. मग मूल खाऊनही उपाशी, पोट फुगलेलं, मांड्या-ढुंगण वाळलेलं, रक्त कमी, आणि चिडचिड तर हमखास. रक्ताची जी टेस्ट करतात, टीटीजी म्हणतात तिला, ती त्या इजेमुळे तयार झालेल्या अँटिबॉडी मोजते. गहू थांबवला की त्या हळूहळू उतरतात आणि आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडासुद्धा तोवर थोडाफार भरून आलेला असू शकतो. आणखी एक, या टेस्टबरोबर एकूण आयजीए (अँटिबॉडीचाच एक प्रकार) मोजलंय का तेही विचार, काही मुलांच्या अंगात ते मुळातच कमी असतं आणि मग टीटीजी खोटी नॉर्मल येते.

तुझ्या मुलाला हेच आहे असं मी म्हणत नाहीये. पत्रावरून निदान करू नये, आणि असंच चित्र दुसऱ्याही चार-पाच आजारांत दिसतं. पण ही माहिती डॉक्टरांकडे गुरुवारच्या आत पोचलीच पाहिजे, उद्या सकाळच्या राऊंडला, कागदावर लिहून, की अमुक तारखेपासून गहू बंद आहे. आणि खरंच पूर्ण बंद होता का तेही आठव, म्हणजे टोस्ट, खारी, बिस्किट, रव्याची खीर, शेवया, सातूचं पीठ, आणि पुडीतला हिंग, त्यात बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं आणि वरणाच्या फोडणीत आपण तो रोज घालतो. त्यांना गरज वाटली तर एचएलए नावाची एक जनुकांची टेस्ट असते, तिला गहू चालू आहे की बंद याच्याशी देणंघेणं नसतं. ती निगेटिव्ह आली तर सीलिॲक जवळजवळ बाद. पॉझिटिव्ह आली तर मात्र लगेच धसका घ्यायचा नाही, कितीतरी धडधाकट माणसांत ती पॉझिटिव्हच असते. आणि हे वाचून आता स्वतःहून बिस्किट भरवायला लागू नकोस हं. एवढ्या लहान आणि एवढ्या खंगलेल्या मुलाला परत गहू द्यायचा का, कधी, किती, हे तिथल्याच डॉक्टरांनी ठरवायचं.

बाकीच्या वाचकांना इथेच सांगते, मुलाला गहू सोसत नाही असा संशय आला तर आधी टेस्ट आणि मग बंद. उलट केलं की मग महिनोन् महिने कुणालाच खात्रीने काही सांगता येत नाही. जाऊबाईंवर रागावू नकोस, त्यांनी काळजीनेच सांगितलं, आणि शी सुधारली हे तुझं निरीक्षणसुद्धा डॉक्टरांच्या कामाचं आहे, तेपण त्या कागदावर लिही. या आजाराचा शोधच मुळी अशा बघण्यातून लागलाय. नेदरलँड्समध्ये विलेम डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते, त्यांना गव्हाबद्दल आधीपासून संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे पावच मिळेनासा झाला, लोक उपाशी आणि त्यांच्या वॉर्डातली ही मुलं मात्र सुधारायला लागली, आणि पाव परत आला तशी परत आजारी पडली. तिथून गव्हाचा धागा पक्का झाला.

आता तुझा मुख्य प्रश्न, सगळं नॉर्मल तर खात का नाही. नॉर्मल रिपोर्ट म्हणजे काहीच झालेलं नाही असं नसतं, यादीतलं एक नाव खोडलं गेलं एवढंच. ही यादी लांब असते गं. गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी (आणि यात म्हशीचं किंवा शेळीचं दूध देऊन बहुतेकदा काही फरक पडत नाही, प्रथिनं सारखीच असतात), जिआर्डियासारखे आतड्यातले बारीक परजीवी जंतू जे शीच्या एका तपासणीत सापडतीलच असं नाही, टीबी, मूत्रपिंडाचे काही आजार ज्यात उलट्या आणि वजन न वाढणं एवढंच दिसतं, अन्ननलिकेची सूज, जुनाट बद्धकोष्ठ, आतड्याला जन्मापासून पडलेला पीळ. डॉक्टर एकेक तपासत जातात कारण १९ महिन्यांच्या मुलाचं एका दिवसात किती रक्त काढायचं यालाही मर्यादा असते. ते काहीच करत नाहीयेत असं वाटतं आपल्याला, पण बरेचदा ते एका रिपोर्टची वाट बघत असतात आणि ते सांगायला कुणाला वेळ झालेला नसतो, म्हणून आपणच विचारायचं. आता कशाचा संशय आहे, पुढची तपासणी कोणती आणि तिच्यातून काय कळणार, ती नॉर्मल आली तर मग काय. राऊंड गर्दीत जातो म्हणून हे आधीच लिहून ठेव.

आणि एक शंभर पानी वही आणून ठेव. किती वाजता काय दिलं, किती गेलं, उलटी झाली तर रंग कोणता, जेवणानंतर किती वेळाने, शी कशी, लघवी किती वेळा, कधी कळवळला, झोप. शीचा फोटो काढायला लाजू नकोस. मान मागे टाकून पाठीची कमान करतो, विचित्र आळोखेपिळोखे देतो असं काही करत असेल तर व्हिडिओ काढ, ते राऊंडच्या वेळी कधीच करत नाहीत मुलं. वजन रोज सकाळी एकाच काट्यावर, लंगोटसुद्धा काढून. अशी वही बघून निदानाची दिशा बदललेली मी किती वेळा पाहिलीय.

पण ताई त्याला खायला कसं घालू, हे तुझ्या मनात असणार. नको घालू जबरदस्तीने. हे तुला सगळ्यात जड जाणारे, कारण आपल्याकडे आईपण घासांत मोजतात. काऊचा घास चिऊचा घास करत करत आपणही वाढलो आणि त्यात वाईट काहीच नाही, पण ते भुकेल्या, बऱ्या मुलासाठी. ज्या मुलाचं गेले सहा महिने खाल्लं की पोट दुखतंय, मळमळतंय, त्याच्यासाठी चमचा म्हणजे दुखण्याची सुरुवात, तो काही आईच्या हट्टाला हट्ट करत नाहीये, एकोणीस महिन्यांच्या जिवाला जेवढं शहाणपण असतं तेवढं वापरून तो स्वतःला वाचवतोय. त्यात नाकातून नळी, हाताला सुई, तोंडात औषधाचं ड्रॉपर. तोंडाच्या आसपास जे काही येतं ते त्रासाचंच, अशी त्याची खात्री झालीय आणि त्या सगळ्याच्या मागे त्याला तुझा चेहरा दिसतो.

म्हणून नळी आहे ना, तिचा उपयोग करून घे. नळी लागली म्हणजे आई हरली असं बायका समजतात, मला फार वाईट वाटतं ते ऐकून. नळीने पोट भरायची जबाबदारी घेतलीय तर तेवढे दिवस तुझ्या डोक्यावरचा घासांचा हिशोब खाली ठेव. नळीने फीड चालू असताना त्याला आडवा ठेवू नकोस, मांडीवर घे, डोकं वर राहील असं, आणि डॉक्टरांची परवानगी असेल तर समोर वाटीत थोडं काहीतरी ठेव, मऊ भात म्हण, केळ्याचा तुकडा म्हण, खाण्यासाठी नाही, चिवडायला, बोट बुडवायला, फेकायला. तोंडाला लावलं तर लावलं. पोट भरतंय आणि तोंडाशी काहीतरी बरं घडतंय ही जोडी त्याच्या मनात परत बसली पाहिजे. प्रत्येक फीडच्या आधी नळी जागेवर आहे ना हे सिस्टर तपासतात, ते झाल्याशिवाय फीड सुरू होऊ देऊ नकोस, आणि मधेच खोकला, धाप, ओठ निळसर असं काही दिसलं तर लगेच थांबवून हाक मार. तुमच्या हॉस्पिटलात स्पीच थेरपिस्ट असतील तर त्यांना दाखवायला सांग, गिळणं आणि भरवणं हे त्यांच्याच कामात येतं, बऱ्याच लोकांना वाटतं ते फक्त बोलायला शिकवतात.

सुई, रक्त काढणं हे शक्यतो त्याच्या पलंगावर करू देऊ नकोस, ट्रीटमेंट रूममध्ये करा म्हणून विनंती कर, म्हणजे पलंग तेवढा सुरक्षित राहतो. आडवं दाबून धरण्यापेक्षा तुझ्या मांडीवर, छातीशी घट्ट धरलेलं असताना केलं तर मुलं कमी घाबरतात. अजून अंगावर पीत असेल तर सुईच्या वेळी पाजायला हरकत आहे का तेवढं विचारून घे. आणि कृपा करून, आजी-आजोबा भेटायला आले की त्यांनाही सांग, 'खाल्लं नाहीस तर डॉक्टर सुई देतील' हे वाक्य वॉर्डात कुणी म्हणायचं नाही. सुई तर मिळतेच त्याला, मग त्याला वाटतं आपण नाही खाल्लं म्हणून मिळाली. घरची गोधडी आण, त्याची स्टीलची वाटी आण, दिवसातून दोनदा तरी असा अर्धा तास ठेव ज्यात औषध नाही, खाणं नाही, नुसतं खिडकीतून रिक्षा बघणं.

दुर्बिणीच्या दिवशी त्याला भूल देतात म्हणून आधी उपाशी ठेवतात. साधारणपणे अन्न आणि वरचं दूध ६ तास, अंगावरचं दूध ४ तास, पण तुमच्या भूलतज्ज्ञांनी जी वेळ सांगितली तीच पाळ, आणि मधे कुणी प्रेमाने बिस्किट हातात देणार नाही एवढं बघ. नंबर सकाळी पहिला मिळाला तर बरं, तशी विनंती करून ठेव. दुर्बीण म्हणजे ऑपरेशन नाही, कुठे चिरत नाहीत, आतून मोहरीएवढे तुकडे घेतात आणि त्याचा रिपोर्ट यायला काही दिवस लागतात, तेव्हा त्याच संध्याकाळी उत्तर मिळेल असं मनाशी धरू नकोस. भूल उतरताना मुलं फार रडतात, ओळख दाखवत नाहीत, ते तासाभरात जातं.

तुझं काय चुकलं हे विचारलंयस. ९ किलोपर्यंत तू त्याला नीट वाढवलंस, वजन उतरतंय हे तुझ्याच लक्षात आलं, आणि तू त्याला घेऊन पुण्यापर्यंत गेलीस. चूक शोधायचीच असेल तर ती त्याच्या आतड्यात कुठेतरी आहे आणि ती शोधायला आता माणसं कामाला लागलीयत.

प्रश्न : नमस्कार, मी ठाण्याहून लिहितोय. मुलगी २२ महिन्यांची, तीन आठवडे ॲडमिट, उलट्या आणि वजन. अजून निदान नाही. माझी बायको तेव्हापासून घरी गेलेली नाही, जेवत नाही, झोपत नाही, मी गेलो की मुलगी माझ्याकडे येत नाही आणि बायको म्हणते तुम्हाला जमणार नाही. माझ्या आईने फोनवर विचारलं की हिच्या दुधातच कस नव्हता का, ते हिने ऐकलं, तेव्हापासून बोलणंच बंद. मी काय करू तेच कळत नाही.

उत्तर : तुम्ही आधी तुमच्या आईंना फोन करा, आज. आईच्या दुधात कस नसतो असं काही नसतं हे स्पष्ट सांगा, आणि हे बायकोच्या देखत सांगा. त्या वाईट नाहीत, घाबरल्यात, पण वॉर्डात तीन आठवडे काढलेल्या बाईला ते वाक्य सुईसारखं लागलेलं आहे आणि ते काढायचं काम तुमचंच आहे.

मग रात्र मागून घ्या. मदत करू का असं विचारू नका, शनिवारी रात्री मी थांबणार आहे, तू घरी जाऊन आंघोळ कर, जेव आणि झोप, असं ठरवूनच जा. पहिल्या रात्री मुलगी रडेल, बहुतेक दोन तास रडेल, तुम्हालाही रडू येईल, सिस्टर असतात तिथे. दुसऱ्या वेळी कमी रडेल. आणि एक फायदा आहे तुमच्याकडे, तुम्ही आतापर्यंत तिला भरवलेलं नाही त्यामुळे तुम्हाला बघून तिला चमचा आठवत नाही. ते तसंच राहू द्या. तुम्ही तिचे कॉरिडॉरमध्ये फिरवणारे, लिफ्टचं बटण दाबू देणारे बाबा व्हा. डॉक्टरांशी बोलायला मात्र दोघांनी मिळून जा, कारण एकट्याने ऐकलेलं अर्धंच घरी पोचतं आणि मग त्यावरून भांडणं. तीन आठवड्यांनंतर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावंसं वाटणं यात गैर काही नाही, चांगले डॉक्टर रागावत नाहीत, ते स्वतःच मुलांच्या पोटविकार तज्ज्ञांचं नाव सुचवतात. फक्त सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाईलमध्ये लावून न्या, नाहीतर तेच रक्त परत काढावं लागतं.

बायको जेवत नाहीये हे तुमच्या वॉर्डच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. झोप पूर्ण उडालीय, सारखं रडू येतंय किंवा रडूच येईनासं झालंय, मी नसते तर बरं असं काही बोलली, तर थांबू नका, त्याच हॉस्पिटलात मानसोपचार विभाग असतो, तिला तिथे दाखवून आणा आणि बरोबर बसा.

प्रश्न : मी आजी आहे, वय ६८. नात सव्वा वर्षाची, दवाखान्यात आहे, पोट बिघडलंय आणि तोंडात काही घेत नाही. आमच्या वेळी बाळगुटी उगाळून द्यायचो, पोटाला हिंग लावायचो, दृष्ट काढायचो, मुलं बरी व्हायची. सून काही करू देत नाही. मी डबा घेऊन जाते तेव्हा थोडीशी गुटी चाटवली तर चालेल का?

उत्तर : काकू, तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत, बऱ्याच जणी न विचारता चाटवतात. नका चाटवू. सध्या तिच्या पोटात काय जातंय याचा थेंबाथेंबाचा हिशोब ठेवून डॉक्टर कारण शोधतायत, त्यात एक जरी गोष्ट लपून गेली की सगळा अंदाज चुकतो, आणि तपासणीसाठी उपाशी ठेवलेलं असेल आणि पोटात काही गेलं तर भुलेच्या वेळी जिवावर बेतू शकतं. आधी कधी घरी काही दिलं असेल, गुटी, ग्राइप वॉटर, कुणा वैद्याची पुडी, भस्म, ते मात्र डॉक्टरांना मोकळेपणी सांगा, शक्य झालं तर ती पुडीच नेऊन दाखवा. काही भस्मांत शिसं सापडलेलं आहे, आणि शिसं अंगात गेलं की मुलांचं पोट दुखतं, भूक मरते, उलट्या होतात, रक्त कमी होतं. म्हणजे कारण कदाचित त्या पुडीतच असायचं.

दृष्ट घरी काढा, मीठ-मोहरी ओवाळून टाका, तुमच्या मनाला बरं वाटेल आणि नातीला काही अपाय नाही, वॉर्डात धूर तेवढा नको. डबा सुनेसाठी न्या. तिच्या आवडीचं काहीतरी, गरम. आणि तासभर नातीजवळ बसून तुमच्या त्या जुन्या ओव्या, अंगाईगीतं म्हणा, ती ओळखीच्या आवाजासाठी आसुसलेली असते.

प्रश्न : दहा दिवसांचं बिल ऐकून हातपाय गळाले. मुलाला अर्धवट तपासण्या सोडून घरी न्यावं लागेल का? (एक वडील, बीड)

उत्तर : तसं करायच्या आधी त्याच हॉस्पिटलात समाजसेवा अधिकारी, म्हणजे मेडिकल सोशल वर्कर असतात, त्यांना आजच भेटा. हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक प्रमाणे आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेल्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. हे कुणी आपणहून सांगत नाही बहुतेक ठिकाणी, मागावं लागतं. रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला गावाहून मागवून घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हॉस्पिटल असेल तर खाली आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे विचारा. आणि काहीच जमलं नाही तर 'घरी नेतो' असं म्हणू नका, 'सरकारी हॉस्पिटलात पाठवा, सगळे रिपोर्ट आणि चिठ्ठी द्या' असं म्हणा, म्हणजे तपासण्या जिथे थांबल्या तिथून पुढे सुरू होतात. बीडसारख्या जिल्ह्यात परत गेल्यावर जिल्हा रुग्णालयात पोषण पुनर्वसन केंद्र आहे का आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे का ते विचारा, गिळण्याच्या-भरवण्याच्या थेरपीची सोय अशा केंद्रात असू शकते.

प्रश्न : नाशिकहून लिहितेय. मुलगी २ वर्षांची, १६ दिवसांनी डिस्चार्ज मिळाला. दुर्बीण झाली, सगळं झालं, कारण सापडलं नाही, वजन थोडं वाढलं म्हणून सोडलं. फाईलवर लिहिलंय पुढे बघू. घरी आल्यावर मला जास्तच भीती वाटते, प्रत्येक जेवणाला छातीत धडधडतं. घरी कसं करू?

उत्तर : कारण न सापडता घरी येणं फार अवघड असतं हे खरं, त्यापेक्षा एखादं नाव मिळालं असतं तर बरं असं वाटतं. पण तुमच्या फाईलमध्ये काय काय नाहीये याची मोठी यादी आहे आणि वजन वाढायला लागलंय, यावर सध्या उभं राहता येतं. काही मुलांत पुढच्या सहा-आठ महिन्यांत कारण आपोआप वर येतं, काहींचं पोट मोठ्या जुलाबातून हळूहळू सावरत असतं आणि कारण कधीच कळत नाही.

जेवणाच्या वेळा बांधा, तीन जेवणं, मधे दोनदा खाऊ, आणि मधल्या वेळात फक्त पाणी. दूध दिवसाला ४०० ते ५०० मिलीच्या वर नको, दुधाच्या बाटल्यांवर दिवस काढणाऱ्या मुलांना भूकही लागत नाही आणि रक्तही कमी होतं. काय द्यायचं, कधी, कुठे बसून, हे तुम्ही ठरवा, आणि त्यातलं किती खायचं किंवा खायचंच नाही हे तिला ठरवू द्या. २०-२५ मिनिटं झाली की ताट उचला, चेहऱ्यावर काही न आणता. मोबाईल दाखवून भरवलेलं मूल खातं खरं, पण आपण खातोय हे त्याला कळत नाही, भूक ओळखायला शिकत नाही, म्हणून ते हळूहळू सोडवा. सगळ्यांच्या पंगतीत बसवा, दुसऱ्यांनी मिटक्या मारत खाल्लेलं तिला बघू द्या.

कमी खाते ना, मग जेवढं खाते त्यात ताकद भरा. वरणाच्या वरचं पाणी आपल्याकडे आजारी मुलाला देतात, त्यात जवळजवळ काही नसतं, खालचं घट्ट वरण द्या. एका चमचा तुपात साधारण ४०-४५ कॅलरी असतात आणि या वयाला दिवसाला हजार-अकराशे लागतात, तेव्हा मऊ खिचडीत दोन चमचे तूप हे चार जास्तीच्या घासांइतकं काम करतं. शेंगदाण्याचं कूट (अख्खे दाणे कधीच नाहीत, श्वासनलिकेत अडकतात), अंडं सोसत असेल तर अंडं, दुधात शिजवलेलं नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं. डॉक्टरांनी जे बंद करायला सांगितलंय तेवढंच बंद. भीतीने एकेक पदार्थ काढत गेलं की दोन महिन्यांत ताटात भात आणि मीठ उरतं, पाहिलंय मी.

दवाखान्यात कधी धावायचं ते फ्रिजवर लिहून लावा म्हणजे प्रत्येक शिंकेला धडधडणार नाही. उलटी हिरवी झाली, शीतून रक्त किंवा लालसर जेलीसारखं काही आलं, पोट ताठ फुगलं, थांबून थांबून गुडघे पोटाशी घेऊन किंचाळते, सात-आठ तास लघवी नाही, मूल मलूल पडलं, यातलं काहीही दिसलं तर रात्र आहे म्हणून सकाळची वाट बघायची नाही. आणि चांगलं खेळणारं मूल अचानक गिळेनासं झालं, लाळ गाळायला लागलं तर रिमोटची, खेळण्यातली चपटी बटणासारखी बॅटरी कुठे कमी नाही ना बघा. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही भाजते. तसा संशय आला तर थेट एक्स-रेची सोय असलेल्या हॉस्पिटलात जायचं.

वजन घरच्या काट्यावर रोज करू नका, त्याने फक्त तुमची झोप जाईल. दोन आठवड्यांनी एकदा, अंगणवाडीत किंवा तुमच्या डॉक्टरांकडे, त्याच काट्यावर, कमी कपड्यांत, आणि आकडा तारखेसकट फाईलच्या पहिल्या पानावर. तीन आकडे जमले की फाईल घेऊन त्यांना भेटा, आणि मलाही कळवा, मी वाट बघतेय.